आजोबांची सही चालत नाही

मी बँकेत होतो, बत्तीस वर्षं, त्यातली बरीचशी काउंटरवरच गेली. शेवटची पोस्टिंग एका तालुक्याच्या गावी होती आणि तिथला एक प्रसंग रिटायर झाल्यावरही डोक्यातून जात नाही. एक आजोबा नातीचा हात धरून आले, नात दुसरीत. स्कॉलरशिपचे पैसे जमा व्हायला तिच्या नावाचं खातं पाहिजे असं शाळेने सांगितलेलं. फॉर्म भरूनच आणला होता, शाळेतल्या बाईंनी भरून दिला असणार, अक्षर फार सुंदर होतं. फक्त पालकाच्या जागी आजोबांची सही. आईवडील कुठेत विचारलं तर आई गेली, पोरगी दीड वर्षाची असताना, आणि जावयाने दुसरं लग्न केलं, तो चाकणकडे कंपनीत असतो, इकडे फिरकत नाही. मग कोर्टाचा कागद आहे का? आजोबा माझ्याकडे बघतच राहिले. "कोर्टाचा कागद कशाला सायेब, मी आजोबा हाय की तिचा."

मी त्यांना परत पाठवलं. नियम तसाच आहे, लहान मुलाचं खातं उघडायला एकतर आई किंवा बाप लागतो, नाहीतर कोर्टाने नेमलेला पालक. पोरगी दहाची असती तर रिझर्व्ह बँकेच्या 2014 च्या सर्क्युलरप्रमाणे तिचं तिला खातं काढता आलं असतं, पण ती होती सात वर्षांची. म्हणजे गंमत बघा, तिला भात कालवून देणारा, तापात रात्रभर उशाशी बसणारा माणूस समोर उभा आहे आणि माझ्या फॉर्मच्या दृष्टीने तो कोणीच नाही, आणि जो चार वर्षांत फिरकला नाही त्याची एक सही आली की सगळं रीतसर.

आजी-आजोबांनी नातवंडाचा कायमचा ताबा मागणं, कस्टडीची केस टाकणं, यावर आपल्याकडे बोलणं निघालं की लगेच डोळ्यात पाणी येतं. दुधावरची साय वगैरे. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात म्हातारपणी कशाला कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या, ज्याचं मूल त्याला द्या आणि मोकळे व्हा. मला दोन्ही बोलणी अपुरी वाटतात. माझं म्हणणं एवढंच आहे की यातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांना मूल "कायमचं" नकोच असतं, त्यांना सही करायचा अधिकार हवा असतो. आणि आपला कायदा असा बांधलाय की सही हवी असेल तर अख्खं मूल मागावं लागतं, आणि अख्खं मूल मागायचं तर बापाला नालायक ठरवावं लागतं.

हे "नालायक" मी माझ्या मनाचं घालत नाहीये. पालकत्वाचा जो मूळ कायदा आजही चालतो तो 1890 चा आहे, गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्ट, इंग्रजांच्या काळातला. त्याचं कलम 19 म्हणतं की बाप हयात आहे आणि कोर्टाच्या मते तो अयोग्य नाही, तर दुसरा पालक नेमता येणार नाही. 2010 मध्ये दुरुस्ती करून त्यात आईचंही नाव घातलं. बरं, आईची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, 1956 च्या हिंदू कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि "त्याच्यानंतर" आई असं लिहिलंय, आणि त्या "त्याच्यानंतर"चा अर्थ बाप मेल्यावरच असा नाही हे सुप्रीम कोर्टाकडून वदवून घ्यायला लेखिका गीता हरिहरन यांना रिझर्व्ह बँकेशी भांडावं लागलं आणि 1999 साल उजाडलं. तेही प्रकरण मुलाच्या नावच्या बाँडांवरच्या सहीवरून सुरू झालेलं! जिथे आईची ही कथा तिथे नाना-नानीला कोण विचारतो.

मग नाना-नानी काय करतात तर वकिलाकडे जातात, आणि वकील विचारतो जावई दारू पितो का. पित असेल तर केस मजबूत. पित नसेल तर तो पोरीला मारायचा का, हुंड्यासाठी छळ होता का, बाहेर काही भानगड होती का. खरंच छळ झाला असेल तर हे सगळं कोर्टात आलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. 2008 मध्ये बंगालमधल्या एका केसमध्ये पोराची आई वारली होती आणि बापावर त्या मृत्यूबद्दलच खटला चालू होता, तरी खालच्या कोर्टाने आणि हायकोर्टाने बाप नैसर्गिक पालक म्हणून पोरगं त्याच्याकडे द्यायला सांगितलं, ते सुप्रीम कोर्टाने फिरवलं, पोराला काय हवंय ते विचारात घेतलं आणि त्याला आईच्या आईवडिलांकडेच ठेवलं. योग्य झालं. पण प्रत्येक जावई तसा नसतो. कितीतरी नुसते दुबळे असतात, बायको गेल्यावर कोसळलेले, नोकरी एकीकडे तान्हं पोर एकीकडे, सासू म्हणाली ठेवून जा इथे तर ठेवून गेले, मग घरच्यांनी दुसरं लग्न लावलं, नवीन बायकोला सांगायची हिंमत झाली नाही, महिन्याचे सहा महिने झाले सहाची सहा वर्षं झाली. या माणसाला कोर्टात उभं करून तू बाप म्हणून नालायक आहेस म्हणायचं, तेही त्याच्या पोरीसमोर, तिच्याच नावाने. ती पोरगी उद्या मोठी होऊन ते कागद वाचणार आहे हो.

निकाल वाचत बसलो की (रिटायर माणसाला वेळच वेळ) एक विचित्र गोष्ट दिसते. 2009 च्या एका केसमध्ये आई बाळंतपणात गेली, बाळ अपुऱ्या दिवसांचं, नानीने वाढवलं, सुप्रीम कोर्टाने नानीकडेच राहू दिलं. 2010 मध्ये आपल्या विदर्भातलीच केस, आई बाळंतपणानंतर गेलेली, बापाने दुसरं लग्न केलेलं, नागपूर खंडपीठाने बापाच्या बाजूने दिलं होतं ते बदलून सुप्रीम कोर्टाने मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत नानाकडे ठेवला आणि बापाला भेटीचे दिवस आखून दिले. आणि 2019 मध्ये पुण्यातली केस, आई कॅन्सरने गेली, तान्ही मुलगी मावशी-मामाकडे होती, बाप मधल्या काळात स्वतः गंभीर आजारी होता म्हणून ठेवलेली, तो बरा होऊन मागायला आला, यांनी दिली नाही, तर हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट दोघांनी मुलगी बापाला दिली. माझ्या मते तेही बरोबरच. माणूस आजारी पडला म्हणून त्याचं मूल जात नाही. पण सामान्य माणूस हे निकाल शेजारी शेजारी ठेवून काय शिकतो? जितकी वर्षं मूल आपल्याकडे राहील तितकी आपली बाजू भक्कम. म्हणजे मग तारखा लांबवा, भेटी टाळा, फोन देऊ नका, पोराला ताप आहे सांगा. कोर्टांना हा डाव कळत नाही असं नाही, पण सहा वर्षं एका घरात वाढलेलं पोर उचलून दुसरीकडे टाकणं क्रूर आहे हेही त्यांना दिसतं, आणि त्या कोंडीत वेळ काढणाऱ्याचं फावतं.

नुसता वेळही पुरत नाही हे 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाने दाखवून दिलं. जुळी मुलं, त्यातल्या एकाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे येणारं अपंगत्व), आईबाप त्याच्या मागे, म्हणून दुसरा जन्मापासून वडिलांच्या आईकडे. पाच वर्षं. मग घरात वाद झाले आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजीने नातू द्यायला नकार दिला. कोर्ट म्हणालं माया असेल, पण मायेने आजीला आईबापांपेक्षा वरचा हक्क मिळत नाही, मूल परत द्या. मला आजीबद्दल वाईट वाटलं पण निकाल चुकला असं नाही वाटलं. पाच वर्षं ज्या आजीने सांभाळलं तिच्या हातात एकही कागद नव्हता, त्यामुळे तिच्यापुढे दोनच रस्ते राहिले, सगळं घट्ट धरून ठेवायचं नाहीतर सगळं सोडायचं.

आता "कायमचा" या शब्दाबद्दल. तसा ताबा आपल्या कायद्यात मिळतच नाही मुळी. सुप्रीम कोर्टाने 1973 मध्येच सांगून ठेवलंय की मुलांच्या ताब्याचे आदेश त्यांच्या स्वभावानेच तात्पुरते असतात, परिस्थिती बदलली की बदलता येतात. त्यामुळे पर्मनंट कस्टडी मिळवून देतो म्हणणारा वकील भेटला तर फी देण्याआधी त्याला हे विचारा. कायमचं म्हणावं असं एकच, दत्तक. बाल न्याय कायद्यात नातेवाइकांना दत्तक घेता येतं, आजी-आजोबा त्या व्याख्येत आहेत, आणि 1 सप्टेंबर 2022 पासून तो आदेश जिल्हाधिकारी देतात. पण त्यात काय होतं, आजी आई होते आणि मेलेली आई कागदोपत्री बहीण. आणि 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने जायचं म्हटलं तर ज्याला मुलगा किंवा मुलाचा मुलगा हयात आहे त्याला मुलगा दत्तक घेताच येत नाही, म्हणजे मुलाचा मुलगा दत्तक घ्यायचा तर शब्दशः वाचल्यावर खुद्द तो नातूच आड येतो. असा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर आजोळ नव्हतंच, वंश होता.

हनफी मुस्लिम परंपरेत निदान एक क्रम तरी सांगितलाय, लहान मुलाच्या संगोपनाच्या हक्कात आईनंतर आईच्या आईचा नंबर लागतो. प्रत्यक्षात कोर्ट तिथेही मुलाचं हितच बघतं, पण नानी नावाची एक व्यक्ती अस्तित्वात आहे हे तरी त्या कायद्याला माहीत आहे.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल मी आजी-आजोबांचा वकील आहे. नाहीये. मी गावात बत्तीस वर्षं लोकांचे पैशाचे व्यवहार बघितलेत. मुलगा अ‍ॅक्सिडेंटमध्ये गेला, क्लेमचे पैसे नातवाच्या नावाने फिक्स झाले, आणि त्या दिवसापासून नातू आजोबांच्या काळजाचा तुकडा झाला, त्याआधी सुनेला तांदूळ मोजून द्यायचे तेच हे आजोबा. नातू ठेवून घेतला आणि सून नातीसकट माहेरी पाठवली हे तर इतकं सर्रास आहे की त्याला कोणी अन्यायसुद्धा म्हणत नाही. वंशाचा दिवा इथे पाहिजे, पणती तिकडे गेली तरी चालेल. उद्या सरकारने आजी-आजोबांना ताब्याचा सोपा आणि भक्कम हक्क दिला तर पहिला बळी जाईल विधवा सून, हे मला पक्कं माहीत आहे. कोविडनंतरची ती गुजरातची केस आठवते का, आईबाप दोघं महिन्याभरात गेले, पाच-सहा वर्षांचं पोर, एका बाजूला वडिलांचे म्हातारे आईवडील आणि दुसऱ्या बाजूला सरकारी नोकरीतली मावशी. हायकोर्टाने मावशीला दिलं, सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये ते फिरवून आजी-आजोबांना. वय आणि उत्पन्न एवढ्यावरच ठरवता येणार नाही हे कोर्टाचं म्हणणं मला पटलं. पण आपल्या समाजात वडिलांकडचे आजी-आजोबा नातवाची जास्त चांगली काळजी घेतात असंही कोर्ट बोलून गेलं, ते मला आजही टोचतं. मावशी काय कमी असते? "माय मरो मावशी जगो" ही म्हण आपल्याकडे उगाच आहे का.

म्हणून मला मोठा हक्क नको, छोटा कागद हवाय. मूल ज्याच्या घरात प्रत्यक्ष राहतंय, समजा वर्षभर, त्या आजीला किंवा आजोबाला किंवा मावशीला एक साधं सर्टिफिकेट द्या की शाळा, दवाखाना, दाखले, आधार, बँकेत पैसे भरणं या कामांपुरती यांची सही चालेल. पैसे काढायचे तर वेगळी परवानगी. बापाला नोटीस जावी, त्याचं म्हणणं ऐकावं, पण त्याला नालायक ठरवायची गरज नको, आणि तो खरंच परत आला, नियमित यायला लागला तर तो कागद रद्द करता यावा. यात कुणाचं बापपण जात नाही.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मूल सांभाळणारा नातेवाईक एक ठरावीक फॉर्म सही करून देतो आणि त्यावर शाळाप्रवेश आणि औषधोपचार होतात, कोर्टात जावं लागत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये 2005 च्या अखेरीपासून स्पेशल गार्डियनशिप नावाची सोय आहे, कोर्टाचीच, पण तिच्यात रोजचे निर्णय सांभाळणारा घेतो आणि आईबाप आईबापच राहतात, दत्तकासारखं नातं तुटत नाही. आपल्याकडे लॉ कमिशनने 2015 च्या 257 व्या अहवालात जॉइंट कस्टडीसोबत (म्हणजे आईबाप दोघांकडे मिळून ताबा) आजी-आजोबांच्या भेटीच्या वेळेचाही विचार केला होता. अहवाल तसाच आहे.

सगळ्यात जास्त राग येतो तो याचा, की आपलंच सरकार एका खात्यात या आजी-आजोबांना ओळखतं आणि दुसऱ्या खात्यात नाही. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, आईबाप किंवा एक पालक गमावलेल्या मुलाला घरच्यासारखं सांभाळायला महिन्याला 2250 रुपये मिळतात, घरी येऊन चौकशी होते, बाल कल्याण समिती आदेश काढते. म्हणजे हे मूल या आजीकडे राहतं हे एका सरकारी समितीने स्वतः बघून लिहून दिलंय! त्याच आदेशाच्या खाली दोन ओळी वाढवून सहीचा अधिकार द्यायला काय हरकत आहे? उलट 2024 मध्ये काय झालं, आजी-आजोबांनी नातींच्या नावाने जी सुकन्या समृद्धीची खाती काढली होती, कायदेशीर पालक नसताना, ती आईबापांच्या किंवा कायदेशीर पालकांच्या नावावर वळवा असं अर्थ खात्याने कळवलं. जिथे आईबाप घरातच आहेत तिथे ठीक आहे, एक चक्कर मारली की झालं. जिथे ते नाहीत तिथे त्या आजीने काय करायचं ते सर्क्युलर लिहिणाऱ्याने एकदा काउंटरवर बसून सांगावं.

आणि हा प्रश्न फक्त मेलेल्या किंवा पळून गेलेल्या आईबापांचा नाही बरं का. बीडकडे जा, ऑक्टोबर-नोव्हेंबरला ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की मागे गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं, पार मार्च-एप्रिलपर्यंत. अर्धं वर्ष मूल आजीच्या ताब्यात असतं, कुठल्याही कोर्टाने न देता. पोराचं आधार अपडेट करायचं (पाचव्या वर्षी बोटांचे ठसे घेतात आणि पंधराव्या वर्षी परत), दवाखान्यात ठरवून एखादं ऑपरेशन करायचं तर आईबाप कारखान्याच्या फडात. इमर्जन्सीत कोणी अडवत नाही, डॉक्टर लोक माणसंच आहेत, पण बाकी वेळेला "पालकांना घेऊन या". त्या आजीला कस्टडीची केस करायला सांगणार का, स्वतःच्या मुलाविरुद्ध, जो तिच्याच पोटासाठी ऊस तोडतोय?

तोवर ज्यांना कोर्टात जावंच लागणार आहे त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. अर्ज मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात होतो, त्यामुळे बापाच्या गावी खेटे घालायची गरज नाही. आणि अर्ज आजीच्या नावाने करा, कारण विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नसते, आजोबांना ती लागू शकते. आणखी एक, जे कोणी सांगत नाही कारण बोलायला वाईट वाटतं. तुम्ही अडुसष्टचे आहात आणि नात सहाची. ती अठराची होईल तेव्हा तुम्ही ऐंशीचे. मुलीला पुढे कोण, हे न्यायाधीश विचारणारच आहेत, त्यांनी विचारायच्या आधी मामा, काका, मावशी जो कोणी तयार असेल त्याला बरोबर घेऊन जा, कागदावर त्याचं नाव येऊ द्या. आपण नेमलेले पालक असलो तरी आपल्या मृत्युपत्रात नात कुणाला देता येत नाही, ती परत कोर्टाच्याच हवाली होते. आईबाप मात्र मृत्युपत्रात पालक नेमू शकतात, त्यामुळे तिशीतल्या पोरांनो, फ्लॅटचं नॉमिनेशन करता तसं हेही करा, अपशकून वगैरे काही होत नाही.

ते आजोबा तीन आठवड्यांनी परत आले. चाकणला गेले होते, दोनदा. पहिल्यांदा जावई सेकंड शिफ्टला होता, दुसऱ्यांदा कंपनीच्या गेटवर गाठून चहाच्या टपरीवर त्याची सही घेतली, आधारची झेरॉक्स घेतली, फोटो घेतला. फॉर्मला चहाचा डाग होता. मी खातं उघडून दिलं, सगळं नियमात. पालक म्हणून नाव बापाचं आणि पैसे काढायचा अधिकारही त्याचाच. आजोबा त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी पासबुक भरून घ्यायला यायचे, किती जमलेत ते मला वाचून दाखवायला सांगायचे, आणि पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परत जायचे. मी रिटायर होईपर्यंत त्यातून एक रुपया निघालेला नव्हता.